हँडब्रेकची परीक्षा कधी घेणार? परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : परवाना-परीक्षेत आणि वाहन-तपासणीत हँडब्रेकची खरी चाचणी घेण्याबाबत

महोदय,



कुंभार्ली, आंबोली, वरंधा, कुठल्याही घाटाने जा; रस्त्याच्या कडेला, कधी ऐन डांबरावर, मोठाले दगड पडलेले दिसतात. दरडीतून आलेले दगड वेगळे. हे कुणीतरी उचलून आणलेले असतात. चहाला थांबलेल्या टेम्पोच्या, माल भरून उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकाखाली ते लावले जातात. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतो आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नशिबी येतो.

बंद पडलेल्या जड वाहनाला ठोकळा लावायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण धावती, धडधाकट गाडी दहा मिनिटे उभी करायलाही दगड लागत असेल, तर त्या गाडीला हँडब्रेक नाही असेच म्हटले पाहिजे. दांडा आहे, केबल आहे, डॅशबोर्डवर लाल दिवाही लागतो. गाडी तेवढी थांबत नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेवढ्या अधिकाराने सांगतो, गाडीतला सर्वांत दुर्लक्षित ब्रेक हाच. त्याची दुरुस्ती अवघड नाही. तो कुणी तपासतच नाही, एवढेच त्याचे दुखणे आहे. तपासण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

कायद्यात काही कमी नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 126 सांगते की चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून आणि ब्रेक लावून, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त करूनच ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 96 वाहनाला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम यंत्रणा असाव्यात असे बजावतो. सूट मिळालेली वाहने मोजकीच आहेत. नियम 15 मध्ये तर परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराने काय काय करून दाखवायचे त्याची यादीच आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा अथवा थ्रॉटल आणि पायाच्या ब्रेकचा योग्य वापर करून, मागे न घरंगळता ती पुन्हा पुढे काढणे, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. आता तालुक्याच्या गावी भरणारे परवान्याचे शिबिर आठवा. सपाट मैदान, इंग्रजी आठचा आकडा, थोडे पुढे, थोडे मागे, आणि उमेदवार पास. चढ कुठे असतो?

हँडब्रेकने नेमके किती करायला हवे, याचाही हिशेब मांडलेला आहे. प्रवासी मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम 13-एच अनेक देश प्रमाण मानतात. त्यानुसार पूर्ण भरलेली मोटार 20 टक्के चढावर आणि उतारावर केवळ पार्किंग ब्रेकवर उभी राहिली पाहिजे; आणि ब्रेक हाताचा असेल तर त्यासाठी 400 न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण 40 किलोच्या ओढीपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. बस-ट्रकच्या नियमात हा आकडा 18 टक्के आहे. उलट डोंगरातले रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेसची मानके साधारण 5 ते 6 टक्के चढ धरतात आणि अपवाद म्हणून 7-8 टक्क्यांपर्यंत जाऊ देतात. भरून 1,500 किलो होणारी मोटार 20 टक्के उतारावर सुमारे 294 किलोच्या जोराने खाली खेचली जाते, 6 टक्क्यांवर सुमारे 90 किलोच्या. म्हणजे जी मोटार 6 टक्क्यांच्या उतारावर दगडाशिवाय थांबत नाही, तिच्या हँडब्रेकमध्ये अपेक्षित ताकदीचा एक तृतीयांशही उरलेला नाही. जुन्या घाटांतली काही वळणे याहून तीव्र असतील, तरी मूळ ब्रेकला ती पेलायला हवीत.

ही ताकद जाते कुठे, ते थोडे सविस्तर सांगतो. कारण आपल्या निरीक्षकांनी काय पाहायचे, याचे उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत अजून ड्रम ब्रेक असतात. दांडा ओढला की दात्यांच्या पट्टीवर खिट्टी खट-खट करत पुढे सरकते आणि अडकते. दांड्याला जोडलेली केबल ओढली जाते. उजव्या-डाव्या चाकाला ओढ सारखी मिळावी म्हणून मध्ये इक्वलायझर नावाची पट्टी असते. ड्रममध्ये पोहोचलेली केबल एक तरफ ओढते आणि ती तरफ दोन्ही ब्रेक शू ड्रमच्या आतल्या अंगाला दाबते. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने जे शू ढकलतो, तेच शू हँडब्रेक केबलने ढकलतो. म्हणूनच तेल गळून पायाचा ब्रेक गेला, तरी हा उरतो.

शूवरचे लायनर झिजत गेले की शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी ड्रममध्ये ॲडजस्टर असतो. पायाचा ब्रेक दाबता-सोडताना किंवा हँडब्रेक ओढता-सोडताना, गाडीच्या रचनेप्रमाणे, तो आपोआप एकेक दाता पुढे सरकतो. चिखल, गंज आणि लायनरची धूळ साचली की तो जाम होतो. मग अंतर वाढतच जाते आणि दांडा दिवसेंदिवस वर येऊ लागतो. चार-पाच खटक्यांत धरणारा हँडब्रेक दहा-बारा खटक्यांवर जातो.

इथे गाडी गॅरेजला येते. मालक म्हणतो, ‘हँडब्रेक लूज झालाय.’ मेकॅनिक म्हणतो, ‘केबल आवळून देतो.’ दांड्याच्या बुडाशी, कन्सोलच्या आवरणाखाली ॲडजस्टिंग नट असतो. त्याला चार फेरे दिले की दांडा पुन्हा खाली येतो. दोन मिनिटांचे काम, किरकोळ पैसे, गिऱ्हाईक खूश. ताप उतरला, आजार तसाच राहिला.

महोदय, या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तांत्रिक गोष्ट ही आहे. हँडब्रेक सोडलेला असताना ड्रममधली तरफ पूर्ण मागे, आपल्या टेकूवर बसलेली असली पाहिजे. झिजलेले लायनर लपवण्यासाठी केबल आवळली की ती तरफ कायम थोडी ओढलेली राहते. मग शू आपल्या जागी परतत नाहीत आणि अनेक रचनांमध्ये स्वयंचलित ॲडजस्टरचे उरलेसुरले कामही बंद पडते. लायनर झिजत राहतात, पायाच्या ब्रेकचा पॅडल खोल जाऊ लागतो. एखादा शू सतत घासला तर ड्रम तापतो आणि गाडी पेट्रोल जास्त पिते. सहा महिन्यांनी पुन्हा तोच नट, पुन्हा चार फेरे. शेवटी नटाचे आटे संपतात आणि मग चालक दगड शोधू लागतो.

योग्य क्रम याच्या उलटा आहे. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, हँडब्रेक पूर्ण सोडायचा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवायची. केबलचा नट आधी सैल करायचा. ड्रम काढून लायनरची जाडी पाहायची, व्हील सिलिंडरमधून तेल गळत नाही ना ते पाहायचे, कारण तेल लागलेला लायनर कितीही दाबला तरी धरत नाही. ॲडजस्टर मोकळा करून, साफ करून, चाक जेमतेम न घासता फिरेल इतके शू बाहेर आणायचे. ड्रम बसवून पायाचा ब्रेक काही वेळा दाबायचा, म्हणजे शू मध्यावर येतात. मग सर्वांत शेवटी केबल. एक-दोन खटक्यांवर चाकाला हलका अटकाव जाणवावा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांवर दोन्ही चाके सारखीच आवळली जावीत आणि दांडा सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरावीत. खटक्यांचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. बऱ्याच गाड्यांत तो चार ते नऊच्या दरम्यान असतो. आणि हे सारे करताना ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि हे काम करणारी पोरे अठरा-वीस वर्षांची असतात.

लक्षणांवरून दोष ओळखणेही कठीण नाही. एकच चाक धरते, दुसरे मोकळे राहते: त्या बाजूची केबल आवरणात गंजून जाम झाली आहे किंवा इक्वलायझर अडकला आहे. दांडा हलका वर येतो, काहीच ओढ लागत नाही: केबल तुटली किंवा निसटली आहे. दांडा वर राहतच नाही: दाते किंवा खिट्टी झिजली आहे. दांडा खाली केला तरी गाडी अडखळत निघते: केबल परत येत नाही किंवा शू ड्रमला चिकटले आहेत. हे शेवटचे कोकणात नेहमीचे. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठ-पंधरा दिवस उभी राहिली की गंजाने शू ड्रमला धरतात. 2020 च्या टाळेबंदीनंतर तर गावोगावच्या मेकॅनिकांना हेच एक काम होते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून, ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा. आणि दांडा खाली असूनही लाल दिवा विझत नसेल, तर त्याला हँडब्रेकचा किरकोळ बिघाड समजू नये. पुष्कळ गाड्यांमध्ये ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचनाही हाच दिवा देतो.

जड वाहनांची गोष्ट वेगळी, आणि जास्त धोक्याची. एअर ब्रेकच्या ट्रक-बसमध्ये पार्किंग ब्रेक लावतो तो चाकाजवळच्या चेंबरमधला एक दणकट स्प्रिंग. हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे दाबून धरतो, म्हणून गाडी चालते. पार्किंगचा नॉब ओढला किंवा हवा गेली की स्प्रिंग सुटतो आणि ब्रेक लागतो. कल्पना उत्तम आहे: हवा गेली तर गाडी सुटत नाही, उलट थांबते. पण हवा गळणारा ट्रक असा भर रस्त्यात अडकला की तो हलवण्यासाठी चेंबरच्या मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून ठेवतात. ओढून नेण्यापुरती ती सोय आहे. गळती मात्र तशीच राहते, बोल्ट तसाच राहतो, आणि माल भरलेला ट्रक त्या चाकावर पार्किंग ब्रेकशिवाय घाट चढू-उतरू लागतो. दुसरा दोष स्लॅक ॲडजस्टरचा, म्हणजे चेंबरचा दांडा आणि ब्रेक यांना जोडणाऱ्या तरफेचा. तो वेळेवर जुळवला नाही तर चेंबरचा दांडा प्रमाणाबाहेर लांब सरकतो, आणि मग पायाचा ब्रेकही कमी पडतो, पार्किंगचाही. हे दोन्ही दोष गाडीखाली वाकून पाहिले की डोळ्यांना दिसतात. कुठलेही यंत्र लागत नाही. एक मात्र निक्षून सांगितले पाहिजे: स्प्रिंगचा चेंबर रस्त्याकडेला उघडण्याचा प्रकार कुणीही करू नये. आतला स्प्रिंग सुटला तर माणूस मरतो.

नव्या गाड्यांनी प्रश्न सुटला असे वाटत असेल, तर तसेही नाही. आता दांड्याच्या जागी बटण आले आहे. बटण दाबले की मागच्या कॅलिपरवरच्या छोट्या मोटरी पॅड आवळतात. अशा गाडीचे पॅड बदलताना आधी स्कॅनर लावून यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. पिस्टन जोर लावून मागे ढकलला तर मोटरीचे गिअर तुटतात. बॅटरी पूर्ण उतरली तर ब्रेक सुटत नाही, मग धक्का मारून उपयोग नसतो. तालुक्याच्या गावातल्या किती गॅरेजांना हे शिकायला मिळाले आहे? ऑटोमॅटिक गाड्यांचे चालक ‘पी’वर टाकून निघून जातात. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्समधली एक छोटी खिट्टी. उतारावर सगळ्या गाडीचा भार तिच्यावर टाकणे बरे नव्हे. पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय हळूच उचलून भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा, पुन्हा पाय ब्रेकवर ठेवून ‘पी’, असा क्रम हवा. साध्या गाडीत चढावर तोंड असेल तर पहिला गिअर, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स, आणि पुढची चाके अशी वळवलेली की गाडी सुटलीच तर डोंगराला किंवा फुटपाथला टेकून थांबेल. पण हे सगळे हँडब्रेकच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे.

आता तपासणीकडे येतो. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनवर चाके रोलरवर ठेवून ब्रेकचा जोर आकड्यात मोजता येतो, पार्किंग ब्रेकचाही. जिथे अजून डोळ्यांनी आणि सरावाने तपासणी चालते, तिथे मात्र ‘दांडा ओढून दाखव’ एवढ्यावर काम भागते. खाजगी मोटारीची अवस्था याहून वाईट. नोंदणी झाली की ती 15 वर्षे चालते. त्या काळात तिला तपासणीचा एकच सक्तीचा कागद नियमाने काढत राहावा लागतो, पीयूसीचा. आणि पीयूसीवाला फक्त धूर बघतो. ब्रिटनमध्ये खाजगी मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणीला न्यावी लागते आणि नेहमीच्या मोटारींच्या पार्किंग ब्रेकने वजनाच्या किमान 16 टक्के जोर दाखवावा लागतो. आपल्याकडे पहिली 15 वर्षे तो आकडा कुणी विचारतच नाही.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या करतो. चारपैकी पहिल्या तीन मागण्यांना नवा कायदा लागत नाही, आपले परिपत्रक पुरे आहे.

पहिली मागणी: परवान्याच्या प्रत्येक परीक्षास्थळी नियम 15 मध्ये सांगितलेला चढ असावा. जिथे ट्रॅकवर तो बांधलेला नाही, तिथे मुरुमाचा, काँक्रीटचा बांधून घ्यावा. शिबिरापुरता गावातला एखादा नैसर्गिक चढ ठरवून घेतला तरी चालेल. चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक लावून, मागे न येता पुढे काढता आली नाही, तर उमेदवार नापास. मोटार ड्रायव्हिंग स्कूलही मग आपोआप हे शिकवू लागतील. जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते.

दुसरी: फिटनेस तपासणीत पार्किंग ब्रेकचा निकाल स्वतंत्र लिहिला जावा. यंत्र असेल तिथे आकडा. नसेल तिथे उतारावर प्रत्यक्ष उभे करून पाहणे आणि खटके मोजणे. जड वाहनांत चेंबरचा बोल्ट आणि स्लॅक ॲडजस्टर गाडीखाली वाकून पाहणे सक्तीचे असावे.

तिसरी: व्यावसायिक जड वाहनांत लाकडाचे किंवा रबराचे दोन ठोकळे ठेवण्याचा आग्रह धरावा. घाटाच्या पायथ्याशी आपले भरारी पथक कागद तपासतेच. तेव्हाच ठोकळेही बघावेत, आणि रस्त्यात दगड टाकून जाणाऱ्याला जाब विचारावा.

चौथी, जी केंद्राच्या हातात आहे: खाजगी मोटारींसाठी 15 वर्षांच्या आत ठराविक टप्प्यांवर ब्रेकची साधी चाचणी व्हावी, अशी शिफारस राज्याने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला करावी. सगळी गाडी उघडायला कुणी सांगत नाही. चार चाकांचा ब्रेक, हँडब्रेक, दिवे आणि टायर, एवढे तपासले तरी पुष्कळ आहे.

या मागण्यांवर नेहमीचा आक्षेप येईल की गॅरेजवाल्यांचे फावेल आणि लोकांना भुर्दंड बसेल. गॅरेजचा खर्च आजही होतोच आहे. पाच वेळा केबल आवळण्याचे पैसे लोक देतातच. फरक एवढाच पडेल की चाचणीत नापास होण्याची भीती असेल, तर मेकॅनिकला ड्रम उघडावा लागेल आणि मालकालाही तो उघडून हवा असेल. शिकवताना मी पाहिले आहे, परीक्षेत ज्या कामाला गुण असतात ते काम पोरे नीट शिकतात. गॅरेजच्या धंद्यालाही तोच नियम लागू पडतो.

आपल्या राज्यात सह्याद्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला आहे. घाटातली वस्ती, देवस्थानांचे पायथे, डोंगरउतारावरच्या शाळा आणि बाजार, या सगळ्यांसमोर रोज शेकडो गाड्या चालकाविना उभ्या असतात. ती प्रत्येक गाडी जागच्या जागी राहील याची खात्री कायद्याने मागितली आहे. ती घेण्याचे काम आपले आहे. येत्या पावसाळ्याआधी निदान घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांना पहिल्या दोन मागण्यांची परिपत्रके काढावीत, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
मोटर मेकॅनिक ट्रेडचा एक निवृत्त निदेशक
चिपळूण, जि. रत्नागिरी